देऊळ गळत होतं तेव्हा

देवळाची किल्ली दहा वर्षं माझ्याकडे होती. वीतभर लांब, लोखंडी, दांड्याला पीळ दिलेली. खिशात मावत नसे म्हणून फडताळात डाळीच्या डब्यामागे ठेवलेली असायची. कधी डबा ओढताना ती खाली पडायची. फरशीवर तिचा आवाज झाला की मी घरात जिथं असेन तिथं थांबायचो. बायकोला वाटायचं मी दचकलो. मी दचकत नसे. कुणीतरी हाक मारल्यासारखं व्हायचं, एवढंच.

अडीच महिन्यांपूर्वी तात्या घरी आले. तात्या म्हणजे आमच्या गावचे जुने कारभारी, आणि आता जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष. त्यांच्या हातात छापून आलेलं पत्रक होतं. शाई अजून बोटांना लागत होती. जुनं देऊळ पाडून त्या जागी सिमेंट काँक्रीटचं नवं बांधायचं, वर मोठा कळस, खाली पांढरी फरशी, अशी सगळी योजना त्यात होती. मधल्या परिच्छेदात एक ओळ होती: ‘मागील गुरवाच्या हयगयीमुळे मंदिराची पश्चिमेकडील भिंत खचली असून वास्तू धोकादायक झाली आहे.’

“आता तू दोन पानं लिही,” तात्या म्हणाले. “देवळाचा इतिहास, बांधणी, असलं काय ते. स्मरणिकेत घालू. तुझ्याएवढं त्या दगडांत कुणी हात घातलाय?”

तात्यांना माहीत नाही, ते काय बोलून गेले.

लिहितो म्हणालो. ही ती पानं. दोनापेक्षा जास्त झाली आहेत.

देऊळ कुणी बांधलं ते कुणालाच माहीत नाही. शिलालेख नाही. शाळेतले मास्तर यादवकाळातलं म्हणायचे, म्हातारी माणसं पांडवांचं म्हणायची. वरचं विटांचं शिखर नंतरचं, पेशवाईत कुणीतरी चढवलेलं. ते खालच्या काळ्या दगडांवर दुसऱ्याची टोपी घातल्यासारखं दिसतं. पूर्वेला तोंड. समोर नंदी, त्याचं एक शिंग तुटलेलं. उजव्या हाताला बारव, आणि बारवेच्या काठाला तीन वीरगळ, ज्यांवरचे घोडे आणि तलवारी झिजून आता नुसते फुगवटे उरलेत. भोसरीहून चाकणकडे जाणारा रस्ता तेव्हा इतका रिकामा होता की मंडपात बसल्या जागी एसटीचा हॉर्न ऐकून कुठली गाडी ते सांगता यायचं.

बासष्ट साली मी पिंपरीकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात लागलो. पहिल्याच आठवड्यात लेथ पाहिलं. फिरणाऱ्या लोखंडावर हत्यार टेकलं की कशी गोल गोल कडी निघतात ते बघत उभा राहिलो, तर फोरमननं हाकललं. त्या संध्याकाळी सायकल तशीच देवळाकडे वळवली आणि मंडपातल्या खांबावरून हात फिरवला. तीच कडी. तोच गोलावा. बारा खांब, आणि एकही वाकडा नाही.

“बाबा, हे यंत्रावर काढल्यासारखं आहे,” मी म्हणालो.

महादूबाबा नंदीपाशी पळसाची पानं टोचत बसले होते. ते देवळाचे गुरव. पूजाअर्चा त्यांची, दिवाबत्ती त्यांची, लग्नकार्याला पत्रावळी त्यांच्या. अंगानं चिपाड, आवाज मात्र भरलेल्या घागरीसारखा. त्यांनी मान वर केली नाही.

“यंत्र न्हाई रं. माणूस व्हता. कट्टाळला न्हाई, इतकंच.”

त्यानंतर फर्स्ट शिफ्ट असली की साडेतीनला सुटून मी देवळात जायचो. बाबा पानं टोचत आणि देऊळ सांगत. छताकडे बघायला त्यांनीच मला उताणं झोपवलं. चौकोनावर तिरका ठेवलेला चौकोन, त्यावर पुन्हा तिरका, असं आकसत आकसत शेवटी एकच दगड, कमळाचा. “ह्यो काढला तर समदं खाली यील. पर त्याला कुणी धरलं न्हाई. समद्यांनी एकमेकाला धरलंय.” गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख. तिथून पाच पायऱ्या खाली, आणि तळाशी पिंड. खाली उतरताना चौथ्या पायरीवर थंडी पायाला लागायची. तिला वास होता: तेलाचा, ओल्या बेलाचा, वटवाघळांचा, आणि या सगळ्यांच्या खाली नुसत्या दगडाचा. तो वास मला अजून कुठेही येतो. कारखान्याच्या टाकीत उतरलो की येतो.

दिघीकडून लष्कराच्या हद्दीतला धमाका झाला की मंडपातली घंटा कुणी न हलवता अगदी बारीक वाजायची. बाबा म्हणायचे, “ऐकलं त्यानं.”

या सबंध बांधणीत चुना नाही. दगडावर दगड, नुसता घासून बसवलेला. सांध्यात पोस्टकार्ड जात नसे. पाणी मात्र जायचं. अभिषेकाचं पाणी उत्तरेच्या गोमुखातून बाहेर पडे आणि थोडं सांध्यांतून झिरपे. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून एक दगडी वाटी कोरलेली होती, ओंजळीएवढी. तिच्यात सदा टिपटिप चालू असायची. वाटी भरून सांडायची त्या ओलीवर पांढऱ्या कण्हेरीचं एक झाड वाढलं होतं. त्याला कुणी कधी पाणी घातलं नाही, आणि ते कधी सुकलं नाही.

आणि खुणा. प्रत्येक दगडाच्या कोपऱ्यात बारीक कोरलेलं काहीतरी. मासा, बाण, दोन रेघा, त्रिशूळ. मी विचारलं, ही नक्षी कसली.

“नक्षी न्हाई. ज्यानं दगड बसवला त्याची खूण. उद्या खचला, तर कुणाला इचारायचं?” बाबा हसले. “आता इचारतो म्हनलं तरी मानूस न्हाई. पर खूण हाय.”

आमच्याकडे पावसानं ओढ दिली की देव कोंडायची रीत होती. गोमुखात वारुळाची माती आणि फडकी ठासून ते बंद करायचं आणि गाभारा पाण्यानं भरायचा, पिंड बुडेपर्यंत. देवाचा जीव घुसमटला की तो पाऊस पाडतो. मग पावसात भिजत जाऊन गोमुख उघडायचं. पाऊस पडल्याशिवाय उघडायचं नाही.

सहासष्ट साली मी ते पाहिलं. बारवेपासून गाभाऱ्यापर्यंत माणसांची रांग, हातातून हातात घागर. सुतार, मांग, मराठे, माळी, शाळेचे मास्तर, माझी आई, नव्यानं सून होऊन आलेल्या पोरी. बाबा गाभाऱ्यात उभे राहून शेवटची घागर ओतत. पण देऊळ गळत होतं. ओतलेल्यातलं पाव पाणी भिंतीतून निघून जायचं. थांबलं की पातळी खाली. म्हणून थांबायचं नाही. रांग जितकी लांब आणि हात जितके जलद, तितकं पाणी वर. सकाळी उन्हं आल्यावर सुरू केलेलं, दुपार टळली तेव्हा पिंड बुडाली. खांदे भरून आले होते, पण कुणाला घरी जावंसं वाटत नव्हतं. मंडपात सगळे ओल्या अंगानं बसले होते, आणि एक म्हातारी सगळ्यांना गुळाचे खडे वाटत होती.

तिसऱ्या दिवशी पाणी झिरपून पिंडीचा माथा वर आला. बाबांनी मंडपातून ओरडून सांगितलं, “म्हाताऱ्यानं डोकं वर काढलं बघा,” आणि सगळं गाव हसलं. पाऊस अजून आला नव्हता. तरी हसलं. पुन्हा दोनशे घागरी ओतल्या. पाचव्या दिवशी आभाळ आलं. आलं नसतं, तर देव आपोआप मोकळा झाला असता आणि कुणाला काही वाटलं नसतं.

हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला फक्त गळती दिसली.

माझं कामच ते होतं. कंपनीत जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या माझ्याकडे असत. टाकी बांधून झाली की भरायची, चोवीस तास ठेवायची, खडूनं रेघ मारायची. पाणी रेघेखाली एक बोट उतरलं तरी टाकी नापास. दहा वर्षं मी रेघा मारत होतो. माणूस जे करतो त्याचे डोळे त्याला येतात.

मग बहात्तर साल उजाडलं. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. बारवेच्या ज्या पायऱ्या कधी कुणी पाहिल्या नव्हत्या त्या दिसू लागल्या; शेवटच्या पायरीवर एक कासव कोरलेलं होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. आई आणि गावातल्या बायका नदीच्या पात्रात झरे उकरून वाटीनं घागर भरत. आईच्या बोटांची नखं वाळूनं पांढरी झाली होती.

गावानं ठरवलं, आषाढातल्या सोमवारी देव कोंडायचा. बारवेच्या तळाशी उरलेलं पाणी त्यासाठी राखायचं. तात्यांनी हिशेब मांडला तो माणसांचा. “मानसं कुठायत? निम्मी फर्स्ट शिफ्टला, निम्मी सेकंडला. जी हायती ती घरी झोपल्याली. रांग कशाची लावता?”

“जेवढी हायती तेवढ्यांची लावू,” बाबा म्हणाले.

“आन् पानी? निम्मं तुमचं देऊळ पितंय.”

“त्येला बी तहान हाय की,” बाबा म्हणाले. सभेत कुणी हसलं नाही. मी आईच्या हातांकडे बघत होतो.

त्याच आठवड्यात बाबांच्या लेकीच्या सासरहून, खेडच्या बाजूहून, निरोप आला. बाळंतपण अडलं होतं. बाबा आणि गुरवीणकाकू दोघंही निघाले. जाताना बाबांनी कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. “चार दीस दिवा सांभाळ. बाकी काय न्हाई केलं तरी चालंल.”

बाकी काय न्हाई केलं तरी चालंल. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्यांच्या तोंडून एकदाच ऐकूनही.

दुपारी देऊळ बंद असे. तीन दुपारी मी आतून कडी लावून काम केलं. सिमेंट, त्यात टाकीला वापरतो ती पाणी अडवणारी पूड, अणकुचीदार थापी, आणि बादली. गाभाऱ्यातले, पाण्यानं कडा झिजून रुंदावलेले सांधे तारेच्या ब्रशनं घासले. त्यांतून सातशे वर्षांची माती निघाली, बारीक, मैद्यासारखी. मग भरत गेलो. राखाडी रेघा काळ्या दगडात उठून दिसू लागल्या, तसा मी समईच्या वरच्या कोनाड्यातली काजळी खरवडली आणि सिमेंटात मिसळली. देवाच्याच दिव्याची काजळी. मग काही दिसेना. मला माझ्या हुशारीचं बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

पिंडीच्या मागे, पश्चिमेच्या भिंतीत तळाचा एक सांधा असा होता की थापी पोचेना. तिथं मी आडवा झोपून सिमेंट अंगठ्यानं दाबलं. गार, दगडाच्या आतून येणारी ओल अंगठ्याला लागली. मग ती लागेनाशी झाली.

कुणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, चांगलं झाल्यावर सांगू.

बाबा खेडहून परतले, किल्ली पुन्हा त्यांच्या करगोट्याला गेली. सोमवारी रांग लागली, तुटक तुटक. मधली अंतरं माणसं धावून भरत होती. पण पाणी चढत गेलं. उन्हं मंडपात शिरायच्या आत पिंड बुडाली. लोक एकमेकांकडे बघू लागले. तात्या म्हणाले, “देव राजी हाय ह्या वक्ताला.” आई घरी जाऊन लगेच झोपली, आणि मला वाटलं, केलं ते बरोबर केलं.

बाबा छातीएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी रिकामी घागर वर दिली आणि तळहात भिंतीवर ठेवला. तो तसाच फिरवत ते गाभाऱ्याभोवती गेले, अंधारात चालणाऱ्या माणसासारखे. पिंडीच्या मागे खाली वाकले, खांद्यापर्यंत हात बुडवून तिथं थांबले. मग वर आले. माझ्यासमोरून जाताना अंगाचं पाणी टिपत म्हणाले, “लौकर भरलं.”

बस. तेवढंच.

तिसऱ्या दिवशी लोक मंडपात जमले. म्हाताऱ्यानं डोकं वर काढलं नाही. पाचव्या दिवशी नाही. आठव्या दिवशी मी उंबऱ्यावरून खाली पाहिलं तर पाणी जिथं होतं तिथंच होतं. मनातल्या मनात मी खडूची रेघ मारली. टाकी पास झाली होती.

पाऊस आला नाही. श्रावण लागला. पिंड पाण्याखाली, म्हणून पूजा नाही, बेल नाही, अभिषेक नाही. सोमवारी बायका पानं घेऊन यायच्या आणि उंबऱ्यावरून पाण्यात टाकायच्या. ती कुजू लागली. पाण्यावर हिरवा पापुद्रा धरला. डास झाले. वास मंडपाबाहेर नंदीपर्यंत येऊ लागला, आणि कुणी नंदीच्या उरल्या शिंगाआडून बघेना, कारण पलीकडे बघायला काही नव्हतं. भिंतीमागची वाटी कोरडी पडली. टिपटिप थांबली हे गावाला कळायला आठवडा लागला असेल. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. एखादा आवाज बंद झाल्यावर तो जास्त ऐकू येतो. कंपनीत मशीन चालू असताना, सायकलवरून येताना, जेवताना, तो नसलेला आवाज माझ्या कानात पडत राहिला. कण्हेरीची पानं आधी पिवळी झाली, मग झडली.

बाबांनी दोनदा तात्यांकडे परवानगी मागितली. “गोमुख उघडू द्या. देवाचं हाल चाललंय.”

“पाऊस पडल्याबिगर आजवर कुणी उघडलंय?”

“आजवर कुणाला उघडाय लागलं न्हाई, तात्या.”

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, भर दुपारी, बायका मंडपात असताना, महादूबाबा उत्तरेच्या बाजूला गेले आणि पहारीनं गोमुखातली माती फोडली. मी सेकंड शिफ्टला निघालो होतो, रस्त्यावरून दिसलं. हिरवं, दाट पाणी बाहेर आलं. त्याचा आवाज मोठा होता. जमिनीच्या भेगांनी ते उभ्या उभ्या पिऊन टाकलं. बाबा गुडघ्यावर बसून गोमुखाच्या तोंडातली कुजकी पानं हातानं ओढत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. मंत्र असेल असं वाटलं. जवळ गेलो तर ते म्हणत होते, “झालं, झालं, झालं.” ताप आलेल्या पोराला म्हणतात तसं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. तो का आला नाही याचं उत्तर आता गावाकडे होतं.

चावडीपुढं सभा भरली. मी खाकी ड्रेसमध्येच गेलो होतो. छातीच्या खिशावर कंपनीचं नाव, त्यात पट्टी आणि पेन्सिल. तात्यांनी विचारलं, “का उघडलंस, महादू?” एरवी ते बाबांना अहोजाहो करत.

“मला बघवंना.”

“पर पानी झिरापलं कसं न्हाई ह्या वक्ताला? समद्यांना ठावं हाय, देऊळ गळतंय. तूच कायतरी केलं असशील. गोमुखात काय कोंबलंस?”

बाबांनी मान वर केली. आता मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. शाळेत मास्तर एखाद्या पोराला उत्तर येतंय हे ओळखून थांबतात, तसे ते थांबले होते. मी पट्टीच्या टोकानं अंगठ्याचं नख खरवडत होतो. त्यात अजून काळं होतं.

कुणीतरी खोकलं. म्हैस रेकली. तेवढा वेळ गेला.

“मीच भरलं, मीच उघाडलं,” बाबा म्हणाले. “गावाला वाटंल ते करा.”

गावानं गुरवकी काढून घेतली. करगोट्याची किल्ली बाबांनी स्वतःच सोडली. तात्यांनी ती हातात घेतली आणि इकडे तिकडे बघून माझ्याकडे दिली. “तू व्हतास ना चार दीस. सांभाळ आता. शिकल्याला मानूस हाईस.”

मी हात पुढं केला. हाच तो हात.

गुरव कुटुंब भोसरीला गेलं, मुलाच्या भाड्याच्या खोलीत. एकदा पगाराच्या दिवशी मी त्यांना पाहिलं. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी पत्रावळींचे गठ्ठे घेऊन बसले होते. मी रस्ता ओलांडला, पलीकडे. चार वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी मातीला गेलो नाही, शिफ्ट आहे म्हणालो. सुट्टी होती.

या दहा वर्षांत पाऊस भरपूर झाले. विटांच्या शिखरातून भिंतीत उतरणारं पाणी पूर्वी सांध्यांतून आत झिरपून जायचं. आता त्याला आत वाट नव्हती. भिंतीच्या पोटातला भराव फुगत गेला आणि पश्चिमेची भिंत बाहेर आली. दर वर्षी मी पट्टी लावून मोजलं. चार बोटं बाहेर आली आहे. लोक म्हणायचे गुरवाची हयगय, आणि मी किल्ली घेऊन दिवा लावायला जायचो. मंडपात शिरताना रोज वाटायचं, नंदीपाशी पळसाचं पान मोडल्याचा आवाज झाला. उलटून बघत नसे.

पत्रक हातात पडलं त्या रविवारी मी भोसरीला गेलो. वर्कशॉपच्या रांगांमागे पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथं विचारत विचारत. गुरवीणकाकू दारात बसून पानं टोचत होत्या. बोटं तशीच चालायची, बाबांसारखी. मला बघून त्यांनी पाट सरकवला.

मी किल्ली पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. सिमेंट, काजळी, अंगठा. सांगायला दहा वर्षं लागली आणि तीन पत्रावळी होईतो संपलं.

“ठावं हाय,” काकू म्हणाल्या.

“कधीपासून?” मी विचारलं.

“देव कोंडला त्याच दिशी त्यांनी घरी यिऊन सांगितलं. पोरानं आईचं हात बघून केलं म्हनले. मी म्हनलं, मग सांगा की चावडीवर. तर म्हनले, माझं सांगून काय उपेग, त्याचं त्यानं सांगाय पायजे. यील म्हनले.” त्यांनी काडी दातानं तोडली. “पयल्या वर्सी दर आयतवारी वाट बघितली. मग दिवाळीला. मग न्हाई बघितली.”

“काकू, किल्ली घ्या.”

“आन् करू काय? बंद डबडं हाय तुझं. आदी वाट मोकळी कर त्याची.”

त्यानंतर आठ रविवार मी गाभाऱ्यात बसलो, पातळ छिन्नी आणि हलका हातोडा घेऊन, दार उघडं ठेवून. घातलेलं काढणं घालण्याच्या दसपट असतं. दगडाची कड न दुखवता एक हात सांधा मोकळा करायला दुपार जाते. कंपनीत आता मीच फोरमन आहे; येणारे जाणारे विचारत, “फोरमन, काय चाललंय?” मी प्रत्येकाला खरं उत्तर दिलं. पहिल्या दिवशी सांगताना जीभ जड झाली. आठव्या रविवारी लोक दारात उभे राहून काही न विचारता बघत होते. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, “म्हंजी महादूचं काय नव्हतंच.” दुसऱ्यानं डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

गेल्या रविवारी काकूंना टेम्पोतून घेऊन आलो. गोमुखाला फडकं लावलं, बारवेतून वीस घागरी काढून गाभाऱ्यात ओतल्या. पाणी घोट्याच्या वर आलं. मग आम्ही भिंतीमागे जाऊन बसलो, कण्हेरीच्या वाळक्या खुंटापाशी. बराच वेळ काही झालं नाही. दिघीकडून एक धमाका झाला. काकूंनी पदरानं घाम टिपला, तंबाखू मळली, खाल्ली. मला वाटलं, आता नाहीच. वाट बुजली ती बुजलीच.

मग दोन दगडांच्या मधली रेघ काळी झाली. ओल खाली उतरली, वाटीच्या काठाशी थांबली, जड झाली, आणि पडली.

काकूंनी तळहात भिंतीला लावला. “गळतंय,” म्हणाल्या.

गोमुखाचं फडकं काढून पाणी सोडलं, आणि आत जाऊन मी त्यांना पिंडीमागचा तो सांधा दाखवला. वीतभर तेवढा राहिला होता. सिमेंटात अंगठा स्पष्ट दिसतो, रेषांसकट. म्हटलं, हाही काढतो आता. काकू वाकून बघत राहिल्या. शेजारच्या दगडावर मासा कोरलेला आहे.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या. “उद्या कुणी इचारलं तर घावाय पायजे.”

बाहेर आल्यावर दार त्यांनीच लावलं. किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली आणि टेम्पोकडे चालू लागल्या.

तर तात्या, इतिहास आणि बांधणी एवढीच मला माहीत आहे. भिंत पाडायची गरज नाही. दगड उतरवून तेच पुन्हा रचता येतात. कुठला कुणाचा ते त्यांवर लिहिलेलं आहे. गावाला तरीही नवं देऊळ हवं असेल तर ती गावाची मर्जी. पण पत्रक पुन्हा छापाल तेव्हा त्या ओळीतून ‘मागील गुरवाच्या’ हे शब्द काढा आणि तिथं माझं नाव घाला, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. बाकी मजकूर बरोबर आहे.